धुळ्याची गोळी

जिजामावशी धुळ्याहून स्वतःच्या पायांनी चालत आली, ही त्या दिवशीची पहिली पंचाईत.

श्रावणातला, कानबाई देवी बसवायचा रविवार होता. सावद्याला निंबा आबांच्या घरी सकाळपासून भाऊबंद जमले होते. ओसरीत चौरंगाला केळीचे खांब बांधून झाले होते, मागे रोटांची, देवीच्या जाड पोळ्यांची, कणीक मळणं चाललं होतं आणि गंगाफळ चिरता चिरता बायकांनी निम्म्या गावाची लग्नं लावून पुन्हा मोडली होती. आबांची थोरली सून चारुलता खिरीचं दूध बघत खिडकीशी उभी होती. रिक्षातून उतरलेली मावशी तिला तिथूनच दिसली. सत्तरी ओलांडलेली बाई एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नारळ घेऊन रिक्षावाल्याशी भांडत ताठ उभी होती.

जून महिन्यापासून या मावशीच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं होतं. म्हणजे सावद्यात झालेलं होतं. धुळ्याला तिची कंबर शाबूत होती आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"माय व! जिजाबाई, तुम्ही चालता?" कुंदा आत्यांनी ओट्यावरूनच आरोळी दिली. कुंदा आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. त्यांच्या नजरेतून सुटून मुंगीसुद्धा या घरात शिरली नसती.

"मंग काय लोळत येऊ का मी?"

चारुलता दूध तसंच टाकून धावली. मावशीच्या पायांवर वाकली आणि वाकल्या वाकल्या पुटपुटली, "मावशी, तुमच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय. दोन महिने झाले."

मावशीने धुळ्याच्या गल्लीत तीन सुना आणि एक नवरा सांभाळला होता. तिने क्षणभर चारुलताच्या टाळूकडे पाहिलं, नारळ तिच्या हातात दिला आणि मोकळा हात कंबरेवर ठेवला. "हाय वं माय," ती अहिराणीत कण्हली. "रिक्षाना खड्डास्नी जीव लिधा मना."

दुपारपर्यंत ती लंगडत राहिली. आधी डाव्या पायाने, जेवणानंतर उजव्या. कुणाच्या ध्यानात आलं नाही, सगळे रोटांच्या गडबडीत. शेवटी तिने चारुलताला कोठीच्या खोलीत गाठलं.

"मनी कंबर कसाले मोडी वं तुम्ही?"

"अक्कांना विचारा मावशी. मला शपथ आहे." अक्का म्हणजे चारुलताच्या सासूबाई, मावशीची सख्खी बहीण पुष्पा.

"मी विचारं पुष्पीले. ती सांगस, तू मुकाट्यानं लंगड." मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "तिन्हा रंग मात्र माले आवडना नही आज. राखोडी दिखस ती."

चारुलताने मान फिरवली. तिलाही अक्का राखाडी दिसत होत्या, तीनचार दिवसांपासून. तिने स्वतःला समजावलं होतं की रोटांचं काम पडलं, दगदग झाली.

दोन वर्षांपूर्वी अक्कांना हार्ट अटॅक आला, जळगावला नेलं, नळी बसली, जीव वाचला. मग घराने त्यांच्यावर प्रेम करायला घेतलं आणि त्या प्रेमाने त्यांचं होतं नव्हतं ते सगळं काढून घेतलं. चारुलताच्या नवऱ्याने, हेमराजने, कोठीच्या किल्ल्या उचलल्या, "आई, तुला ताण नको." चारुलताने चूल घेतली. आबांनी भुसावळहून गादीची खुर्ची आणून ओसरीत मांडली आणि अक्कांना तीत बसवलं. चाळीस वर्षं केळीच्या बागेत मजुरांच्या पुढे चालणारी बाई. तिला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. "हात लावू नको" हे वाक्य त्या घरात दिवसाला पन्नास वेळा उठे, आणि दर वेळी अगदी मायेने.

अक्का बसल्या. बसता बसता भांडायच्या थांबल्या.

हे आधी चारुलताच्या लक्षात आलं. चोवीस वर्षं ती ज्या भांडणाला कंटाळली होती, ते बंद झाल्यावर तिला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. भाजी खारट झाली तरी अक्का बोलेनात. यंदाच्या उन्हाळ्यात एके दिवशी चारुलता त्यांची वेणी घालत होती, तेव्हा त्या आरशाकडे न बघता म्हणाल्या, "चारू, मले सकाळ नको वाटते."

एवढंच. पण चारुलताचे हात वेणीतच थांबले.

जळगावला मनाचे डॉक्टर नव्हते असं नाही. पण जळगावच्या कुठल्याही दवाखान्यात बाकड्यावर बसलं की शेजारचा माणूस सावद्याचा निघतो. निदान फैजपूरचा. त्यातून भूमिकाचं, चारुलताच्या लेकीचं, वरणगावच्या स्थळाशी बोलणं चाललेलं. मुलीची आजी डोक्याच्या डॉक्टरकडे जाते, ही बातमी पत्रिकेआधी पोचली असती. म्हणून धुळे, बहिणीला बघायला जायच्या निमित्ताने. धुळ्याला बहीण होती आणि बहिणीला कंबर होती.

तिथले डॉक्टर शांत होते, घाई नसलेले. त्यांनी अक्कांना तासभर बोलू दिलं. मग कागद ओढून विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

चारुलताने तोंड उघडलं. टेबलाखालून अक्कांनी तिच्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"बीपीची एक असते बारीकशी," अक्का म्हणाल्या. "बाकी काही नाही."

बाहेर रसवंतीवर चारुलताने विचारलं, "हृदयाच्या गोळ्यांचं का नाही सांगितलं?"

"सांगितलं तर हा जळगावच्याला फोन करेल. जळगावचा तुझ्या सासऱ्याला सांगेल. मग झालंच की." अक्कांनी उसाच्या रसातला बर्फ काढून टाकला. "आणि काय गं, हृदयाचं औषध हृदयात जातं, मनाचं मनात. त्यांची गाठ कुठे पडायची?"

बी. ए. दुसऱ्या वर्गात पास झालेल्या चारुलताला त्या घटकेला हे अगदी पटलं.

घरी आल्यावर तिने कात्रीने गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव कापलं, कापलेले तुकडे चुलीत घातले आणि उरलेल्या गोळ्या फुलवातींच्या डब्यात तळाशी ठेवल्या. वातींचा डबा पुरुष उघडत नाहीत. दर वेळी हेच केलं.

पाचव्या आठवड्यात अक्का दुधावरून आबांशी भांडल्या. खणखणीत, पितरांपर्यंत पोचून. चारुलता मोरीत जाऊन रडली. आबा तर हरखून ओट्यावरच नाचायचे बाकी राहिले. त्यांनी चैत्रातच कानबाईला नवस बोलला होता, की हेमराजच्या आईचा आवाज परत येऊ दे, औंदा साऱ्या भाऊबंदांना बोलावून रोट करीन. गोळी लागू पडली, नारळ कानबाईला मिळाला. चारुलता त्यावर काही बोलली नाही. तिला वाटलं, देवीनेही थोडा हात लावला असेल, कुणी सांगावं.

तीन आठवड्यांपूर्वी धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली होती. आणि चार दिवसांपूर्वी कासारीण कानबाईचा चुडा भरायला आली, तेव्हा अक्कांच्या मनगटावर नुसत्या दाबाने काळेनिळे डाग उठले. कासारीण घाबरली. "माझ्या हाताने काही नाही झालं हो!" अक्का म्हणाल्या, "म्हातारं कातडं." चारुलतानेही तेच म्हटलं. मग त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसू लागल्या, पूर्वी न बसणाऱ्या. चारुलता त्यालाही काहीबाही म्हणाली.

पाच वाजता आरतीला सगळे ओसरीत दाटले. चौरंगावर कानबाई बसली होती, नारळाला नथ, हिरवं लुगडं, गळ्यात घरातलं निम्मं सोनं. आरतीचं ताट अक्कांच्या हातात. हा मान मात्र त्यांनी कुणाला दिला नव्हता. घंटा वाजू लागली, पोरं टाळ कुटू लागली, धूर डोळ्यांत गेला.

तिसऱ्या कडव्याला ताट कललं.

चारुलताने ते पाहिलं. अक्कांच्या कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले, डोळे वर गेले आणि त्या केळीच्या खांबाला धरून गुडघ्यांवर बसल्या. डोकं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. ताट धाकट्या जावेने कसंबसं झेललं.

"आली!" कुंदा आत्यांचा आवाज चढला. "आली व माय! कानबाई अंगात आली! कुंकू आना!"

ओसरी एकदम वाकली. कुणी हळद टाकली, कुणी कुंकू, टाळ आणखी जोरात वाजू लागले. हेमराजने हात जोडले. आबांनी तर टोपी काढून जमिनीवर डोकं टेकवलं, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कुंदा आत्या पदर पसरून पुढे झाल्या.

"माय, आमचं काही चुकलं का? बोल माय!"

अक्कांचे ओठ हलले. "जिजी," त्या म्हणाल्या, "माले गरगरी राहिनं. पानी दे वं."

"ऐका!" कुंदा आत्या थरारल्या. "बोलीच बदलली! पुष्पाबाई अशी बोलते का कधी? देवीच बोलू राहिली! पाणी मागते, पाणी!"

मागून एक चुलत दीर म्हणाला, "विचारा आत्या, केळीला भाव काय राहील?"

चारुलता खांबाशी खिळली होती. तिला ठाऊक होतं हे देवीचं नाही. दोन महिने तिने वातींच्या डब्यात जे लपवलं होतं तेच हे. आणि तरी तिचं तोंड उघडेना. अक्कांनी शपथ घातली होती ती भूमिकाची. समोर पन्नास माणसं, त्यात वरणगावच्या स्थळाची मध्यस्थ बाई. आणि अक्कांचे अर्धवट मिटलेले डोळे तिच्याकडेच लागले होते, नको म्हणणारे. नंतर पुष्कळ दिवस चारुलता ते एक मिनिट मोजत राहिली. मिनिटच असेल. तिला ते श्रावणाएवढं मोठं वाटलं.

कोंडी फोडली जिजामावशीने. लंगडणं साफ विसरून ती दोन ढांगांत पुढे आली आणि तिने कुंदा आत्यांचा कुंकवाचा हात धरला.

"हाई देवी नही शे! मनी बहीण शे ती! आमना घरमा बठ्ठा असंच बोलतस! चाळीस वरीस तुमनी बोली बोलनी बिचारी, आते जीव घाबरना तं मायनी बोली उनी तोंडमा. सरका!"

"अवं, पण कंबर..." कुणीतरी म्हणालं.

"कंबरले काय धाड भरनी मनी!"

तेवढ्यात वनिता मशीन घेऊन आली. वनिता म्हणजे चारुलताची धाकटी जाऊ. नवरा अभिमन दीपनगरला नोकरीला, ती तिथल्या कॉलनीत राहायची आणि बीपीचं मशीन लग्नात, बारशात, मयताच्या उठावण्यातही बरोबर न्यायची. चारुलता मनातल्या मनात तिला मशीनवाली म्हणायची. गेल्या दिवाळीत तर बोलूनही गेली होती. वनिताने आता कुणाला न विचारता अक्कांच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं, थांबलं.

"ब्याऐंशी खाली पन्नास," वनिता म्हणाली. मग तिने आकड्यांकडे पुन्हा पाहिलं. "ताई, नाडी अडतीस. अडतीस! घंटा बंद करा कुणीतरी! खाली आडवं करा त्यांना, पाय उशीवर घ्या. ताई, रोजच्या गोळ्या सोडून अक्का काही घेतात का?"

चारुलताने अक्कांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"घेतात," ती म्हणाली. "धुळ्याच्या डॉक्टरची. मनाच्या डॉक्टरची. दोन महिने. मीच नेते. जळगावच्यांना ठाऊक नाही, धुळ्याच्यांना हृदयाचं ठाऊक नाही."

टाळ थांबले. दूध उतू गेल्याचा वास आला आणि कुणी हललं नाही.

"मनाच्या म्हणजे," कुंदा आत्या हळू म्हणाल्या, "येडीच्या?"

"तू गप बस व कुंदे," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. त्या खरंच गप्प बसल्या.

"नाव काय गोळीचं?" वनिताने विचारलं. तिने जळगावच्या दवाखान्याला फोन लावला होता, तिकडचे डॉक्टर तेच विचारत होते.

चारुलता पळत वातींचा डबा घेऊन आली. कापूस ओसरीभर उडाला. हातात आली ती नावाच्या जागी कातरलेली पाकिटं, चांदीसारखी चमकणारी, मुकी.

"नाव कुठंय?"

"मी कापलं."

वनिताने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. हा नंतर चारुलताच्या मनात मोठा उपकार म्हणून राहिला. "नंबर आहे ना त्यांचा? लावा."

चारुलताच्या हातातून फोन हेमराजने घेतला. "कुठल्या नावाने आहे?"

"ब्लाऊजवाले, धुळे."

"अगं, आत्ता ब्लाऊज कशाला?"

"तोच आहे तो! लावा!"

फोन दवाखान्यातल्या लोटन कंपाऊंडरने उचलला. रविवार होता, तो शेतात होता, मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. त्याने सगळं ऐकलं, "फोन ठेवू नका, ठेवू नका" म्हणत फोन ठेवला, आणि चार मिनिटांत स्वतः डॉक्टरांचाच फोन आला. हेमराजने आवाज मोठा केला.

"पॅरॉक्सेटिन," डॉक्टर म्हणाले. "मागच्या वेळी वाढवली. त्यांना दुसरं काय चालू आहे? बीपीची कुठली?"

"मेटोप्रोलॉल," वनिताने रोजच्या पाकिटावरून वाचलं. "आणि रक्त पातळ करायच्या दोन. नळी बसवलीय त्यांना, दोन वर्षं झाली."

पलीकडे एक श्वास ऐकू आला.

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"मी होते तिथे, डॉक्टर," चारुलता म्हणाली. "मला माहीत होतं. मी बोलले नाही."

"ते नंतर बघू, ताई. आत्ता त्यांना हिंडवू नका, बसवू नका. आपल्या मनाने कुठलीच गोळी देऊ नका. जवळच्या दवाखान्यात आधी दाखवा, मग जळगाव. मी जळगावच्या डॉक्टरांशी बोलतो. नंबर द्या."

सावद्याच्या दवाखान्यात सुई टोचली गेली, सलाईन लागलं, नाडी पन्नासच्या जवळ आली, मग गाडी निघाली. मागे अक्का आडव्या, डोकं जिजामावशीच्या मांडीवर, पाय चारुलताच्या. वनिता खाली दाटीवाटीत बसून दर दहा मिनिटांनी पट्टा फुगवत होती. पुढे हेमराजच्या शेजारी आबा. टोपी घरीच राहिली होती. टोपी नसलेले आबा चारुलताने कधी पाहिले नव्हते. मागून त्यांची मान पोरासारखी बारीक दिसत होती.

फैजपूर गेलं तेव्हा ते म्हणाले, "किती दिवस म्हणालीस?"

"दोन महिने, आबा."

चारुलता वाट बघत होती की आता ते रागावतील, तिला जे ऐकायचं होतं ते बोलतील. ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं. भुसावळच्या पुलावर आबांनी खाकरलं.

"ते धुळ्याचे डॉक्टर," ते समोर बघत म्हणाले, "माणूस चांगला आहे का?"

"चांगले आहेत, आबा. ऐकून घेतात."

"हं," आबा म्हणाले. "मग माझ्यापेक्षा बरे."

मागून अक्कांचा अस्पष्ट आवाज आला. "गाडी हळू चालव म्हणा त्याला. सलाईन हलतंय." वनिता आणि चारुलता एकमेकींकडे बघून हसल्या आणि लगेच दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का रागावत होत्या.

सकाळी नऊच्या सुमाराला जळगावचे डॉक्टर खाटेपाशी आले. नाडी अठ्ठावन्न होती, अक्का उशीला टेकून चहाच्या पाणचटपणावरून नर्सला नावं ठेवत होत्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. रात्री धुळ्याच्या डॉक्टरांशी त्यांचं दोनदा बोलणं झालं होतं.

"हृदयाची गोळी काम झालं की यकृतात मोडते आणि बाहेर पडते," ते म्हणाले. "ती मोडायची जी सोय असते, तीच ही धुळ्याची गोळी अडवून धरते. मग रोज घेतलेली गोळी अंगात साचत जाते. अक्का एकच घेत होत्या, पण अंगात तीनचार घेतल्याएवढी. म्हणून नाडी उतरली."

"म्हणजे चारीत गोणी अडकली," आबा म्हणाले. "पाणी मागे तुंबलं."

डॉक्टर थांबले. "आबा, मला एवढं सोपं सांगता आलं नसतं. आणि दुसरं, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि ही, सगळ्या मिळून रक्त आणखी वाहतं करतात. हातावरचे हे डाग त्याचे. धुळ्याच्या डॉक्टरांना माहीत असतं तर त्यांनी ही दिलीच नसती."

"मग बंद करून टाका ती," हेमराज पटकन म्हणाला. "आजपासून. सगळा घोटाळा तिचाच."

"नाही!"

अक्का इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. त्यांनी चादर मुठीत धरली होती. चारुलताला ते हात माहीत होते, आत्ता त्यांत भीती होती. काल केळीच्या खांबाशी कोसळतानाही एवढी नव्हती.

"ती नाही बंद करायची. हृदयाची करा हवी तर."

"आई, अगं, तू जाता जाता वाचलीस."

"आधीच गेले होते मी!" अक्का म्हणाल्या. आवाज फाटला. "तुम्ही मला खुर्चीत बसवलंत, तेव्हाच. रोज सकाळी डोळे उघडले की छातीवर दगड. तुम्ही विचारायचे, आई, दुखतं का? दुखत नव्हतं रे. काहीच होत नव्हतं. नातीचं लग्न निघालं तरी मनात काही हललं नाही. आपली नात, आणि मला काही वाटलं नाही! हे कुणाला सांगू? या पोरीला सांगितलं. तिने वेडी नाही म्हटलं. साडी नेसवून बसमध्ये बसवलं." त्यांनी दम घेतला. "मी पुन्हा त्या खुर्चीत नाही जायची, डॉक्टर. मरण चालेल मला."

हेमराज खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. डॉक्टरांनी अक्कांच्या मुठीवर हात ठेवला.

"एकदम बंद करायचीच नाही, त्याचाही त्रास होतो. आमचं दोघांचं ठरलंय. ती हळूहळू उतरवायची आणि तिच्या जागी दुसरी आणायची, हृदयाशी पटवून घेणारी. हृदयाच्या गोळीचं मापही बदलतोय. दर काही दिवसांनी तपासू. मन आणि हृदय, दोन्ही चालू राहणार, अक्का. फक्त लपून नाही."

"लिहून द्या," अक्का म्हणाल्या. शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या त्या नव्हत्या.

तेवढ्यात हेमराजच्या खिशात फोन वाजला. कुंदा आत्या. रोट कुणी कुणी खाल्ले, विसर्जन कसं झालं, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि मग फोन चारुलताला मागितला. चारुलता कानाला लावून दाराकडे सरकली. आता येणार, तिला वाटलं. वरणगावचं स्थळ, घराण्याचं नाव.

"चारू," आत्यांचा आवाज बारीक झाला होता. "मले चार वर्षं झाली, झोप नाही व. तुझे फुवा, आमचे हे, गेल्यापासून. त्या डॉक्टरले दाखवता येईल का? म्हणजे, पुष्पाचीच गोळी चालेल मले?"

"तिची नाही, आत्या!" चारुलता जवळजवळ ओरडली. "कुणाची कुणी खायची नाही! तुम्हाला घेऊन जाईन मी. आणि काय काय औषधं खाता ते सगळं पिशवीत भरून आणा. मलम, चूर्ण, वैद्याचा काढा, सगळं."

"काढाबी?"

"काढाबी."

ती परत आली तेव्हा नर्स एक पिवळा कागद घेऊन उभी होती. त्यावर दोन्ही डॉक्टरांची नावं, सगळ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, मोठ्या अक्षरांत. जळगावला जा, धुळ्याला जा, दात काढायला जा, हा कागद आधी पुढे करायचा. एक जागा रिकामी होती.

"पेशंटच्या औषधांची पूर्ण माहिती घरात कुणाला आहे?" नर्सने पेन उघडलं. "एक नाव सांगा."

"माझं लिहा," आबा म्हणाले. ते खाटेजवळ आले होते. "निंबा... पुढचं सांगतो. पुढच्या खेपेला धुळ्याला मीच नेणार आहे."

अक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. टोपी नाही, सदऱ्याला कालचं कुंकू, दाढी वाढलेली.

"सकाळची पांढरी गोळी कशाची?" त्यांनी विचारलं.

आबा विचारात पडले. "रक्ताची?"

"संध्याकाळची?"

"पिवळी का ती?"

"पिवळी कुठलीच नाही," अक्का म्हणाल्या. "सिस्टर, चारुलता लिहा. चारुलता हेमराज."

चारुलताला वाटलं, आता आपल्याला रडू आलं तर सगळे म्हणतील, हिलाही न्या धुळ्याला. तिने कागदाच्या कडेकडे बघायचं ठरवलं. नर्स लिहीत होती. आबा पाय बदलत उभे होते, शाळेत नाव न पुकारलेल्या पोरासारखे.

"ताई," ते शेवटी नर्सला म्हणाले, "त्याच्याखाली थोडी जागा दिसतेय."

"तिथे एकच नाव लिहायचं असतं, बाबा."

"बारीक लिहा की. वाचता नाही आलं तरी चालेल."

नर्सने अक्कांकडे पाहिलं. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या, पण हाताने चादरीवर खाटेची कड मोकळी करत होत्या, एका माणसाला बसता येईल एवढी.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही बसा इथे. पांढरीपासून सुरू करू."